भिंतीकडे वळवलेली पेटी

एकतीस मार्चला, सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता दत्तोबा पुन्हा ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेले होते. ललिताबाईंनी त्यांना जिन्याच्या वळणावरूनच पाहिलं आणि त्या उलट फिरल्या. इमारतीच्या मागच्या अंगाला, मळक्या कपड्यांची गाठोडी उतरवण्यासाठी, एक अरुंद जिना होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या जिन्याने त्या क्वचितच गेल्या असतील. गेल्या आठवड्यापासून मात्र रोज तिथूनच ये-जा चालली होती. तिथला दिवा गेलेला होता. पायऱ्या तेवीस होत्या, हे आता त्यांच्या पायांना पाठ झालं होतं.

त्या दिवशी तो जिनाही उपयोगी पडला नाही. त्या खाली उतरल्या तर दत्तोबाच पाणी प्यायला मागच्या नळावर आलेले.

"बाई, तुमी हिकडून कुठं?" त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "आज तेरावा दिस बघा. अजून वल्लंच हाय. पट्टी बदलली की दोन दिस बरं वाटतंय, मग परत वास सुटतोय. आता रेशनकार्डावर हिथलाच पत्ता घालावा म्हणतो."

"होईल हळूहळू," ललिताबाई म्हणाल्या. "रक्तातली साखर तपासली का?"

"साखर? बाई, आमची साखर मांजरी गावाला रानात ऊस म्हणून उभी हाय, अंगात न्हाई. तीनदा तपासली."

दत्तोबा हसले, म्हणून ललिताबाईही हसल्या. साखर निघावी असं त्यांना किती मनापासून वाटत होतं, हे त्यांना त्या हसण्यातच कळलं आणि त्या घाईघाईने आपल्या खोलीत गेल्या.

ती खोली तळमजल्यावर होती. चाळीस खाटांच्या त्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सगळी हत्यारं, कापड, हातमोजे तिथे धुऊन, बांधून, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक होत आणि मग वर जात. ललिता बाबुराव थोरात यांचं आयुष्य त्या खोलीतल्या वाफेत गेलं. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबात जन्म, सातव्या वर्षापासून कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात शिक्षण, लग्न होऊन पुणे. बाबुराव खडकीच्या कारखान्यात होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. रविवारची मिस्सा आणि शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग, एवढंच रुग्णालयाबाहेरचं जग.

वर्गात त्या मोठ्या पापाची शिकवण तीन बोटांवर सांगत. पहिलं बोट: गोष्ट गंभीर हवी. दुसरं: ती गंभीर आहे याचं पूर्ण ज्ञान हवं. तिसरं: तरीही ती स्वतःच्या इच्छेने, पूर्ण संमतीने केलेली हवी. "देवाने माणसाला कळसूत्री बाहुली केलं नाही," त्या म्हणत. "हो किंवा नाही म्हणायची मोकळीक दिली. म्हणून जबाब द्यावा लागतो. पण तीनपैकी एक बोट जरी मिटलं, तरी ते मोठं पाप होत नाही." आणि त्या मधलं बोट मिटवून दाखवत. मुलांना ते आवडायचं.

बोर्डिंगात त्या नऊ वर्षांच्या असताना एक गोष्ट घडली होती. प्रार्थनागृहातली मेणबत्तीची काचेची हंडी दोन मुली खेळताना फोडणार, हे ललिताला आधीच दिसलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले. काच फुटल्याचा आवाज आला. संध्याकाळी सिस्टर इमॅक्युलाटांनी विचारलं, "ललिता, कोणी फोडली?" ती म्हणाली, "सिस्टर, मी पाहिलं नाही." ते खरं होतं. सिस्टरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना सांगितलं, ही मुलगी कधी खोटं बोलत नाही.

आता एका कुपीविषयी. यंत्र नीट चाललं आहे की नाही, हे दाबाच्या काट्यावरून पुरतं कळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा यंत्रात एक बोटभर कुपी ठेवायची. तिच्यात सहजी न मरणाऱ्या जातीचे जंतू असतात. वाफ योग्य लागली तर तेही मरतात. शनिवारी सकाळी सातला ती कुपी यंत्रातून काढून एका छोट्या उबदार पेटीत ठेवायची आणि सोमवारी सातला, पहिली शस्त्रक्रिया सुरू होण्याच्या तासभर आधी, पाहायची. जांभळी राहिली तर सगळं ठीक. पिवळी झाली तर जंतू जिवंत आहेत, यंत्र बंद. पाहिलेला रंग रजिस्टरात लिहून सही करायची. ललिताबाईंच्या बत्तीस वर्षांच्या रजिस्टरांत एकच शब्द होता, 'जांभळा'. वरच्या व्हरांड्यात त्याबद्दलचं एक प्रशस्तिपत्रक चौकटीत लावलेलं होतं. एकतीस मेला त्या निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या समारंभात ते प्रशस्तिपत्रक वाचून दाखवायचं ठरलं होतं.

दहा मार्चला कुपी पिवळी निघाली.

त्या ती घेऊन ऑपरेशन थिएटरच्या प्रमुख प्रेमला सिस्टरांकडे गेल्या. प्रेमला सिस्टर माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी कुपी उजेडात धरली आणि म्हटलं, "कुपीच खराब असेल. गाडीतून येताना उन्हात राहिली असेल. ललिताबाई, बत्तीस वर्षांत नाही आणि आत्ताच? दुसरी लावा." दुसरी लावली. ती जांभळी राहिली. रजिस्टरात तीच लिहिली. पहिली लिहायची राहून गेली.

पण त्या आठवड्यात यंत्राच्या दाराच्या डाव्या कोपऱ्यातून एक बारीक सीऽऽ असा आवाज येऊ लागला होता. दारावरचं रबर वाकल्यासारखं दिसत होतं. सिस्टर म्हणाल्या, मे महिन्यात नवीन यंत्र येणारच आहे. सतरा मार्चला ललिताबाईंनी कुपी पेटीतून बाहेर काढली, तेव्हा तिच्यात मातकट झाक दिसली. का दिव्यामुळे तसं वाटलं? खिडकी तीन पावलांवर होती. त्या खिडकीपर्यंत गेल्या नाहीत. त्यांनी 'जांभळा' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी, अठरा मार्चला, दत्तोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.

बावीस मार्चला कुपी ठेवल्यावर ललिताबाईंनी त्या पेटीची काचेची बाजू भिंतीकडे वळवली. असं का केलं हे त्यांनी स्वतःला सांगितलं नाही. चोविसाला आणि एकतिसाला त्यांनी पेटीत हात घालून, नजर खिडकीबाहेरच्या सायकलींवर ठेवून, कुपी उचलली आणि कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. रजिस्टरात 'जांभळा' लिहिताना अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. ज्ञान नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. दुसरं बोट मिटलेलं आहे.

पाच एप्रिलच्या शनिवारी वर्गाला एकटी स्पृहा आली. मुलांच्या परीक्षा होत्या. स्पृहा कोथरूडची, वय एकोणतीस, संगणकाच्या कंपनीत नोकरीला. एका ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरलं होतं आणि ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी तिचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, होणार होता. कोणी तिला भाग पाडलं नव्हतं. उलट ललिताबाईंनीच तिला दोनदा विचारलं होतं, नक्की ना? ती म्हणाली होती, काकू, मी दूधवालासुद्धा चौकशी करून बदलते.

तिची आई वासंती, निवृत्त शिक्षिका. फेब्रुवारीत ललिताबाई त्यांच्या घरी गेल्या, तेव्हा वासंतीबाई गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसल्या होत्या. बोलता बोलता गुडघा बदलण्याचा विषय निघाला आणि ललिताबाईंनी आपल्या रुग्णालयाचं नाव सुचवलं.

"जंतूंची भीती वाटते हो," वासंतीबाई म्हणाल्या होत्या. "आमच्या शेजारच्यांचा गुडघा त्यानेच गेला. तीनदा उघडला, शेवटी पाय आखडूनच बसला."

"आमच्याकडे ते सगळं मी स्वतः बघते."

"मग झालं तर. मुलगी तुमच्यात दिलीच आहे, आता गुडघाही देते."

हॉलमध्ये पंखा गरगरत होता. ललिताबाईंनी तीन बोटं दाखवली आणि मधलं मिटवलं. स्पृहाने फोनवरून मान वर केली.

"काकू, एक विचारू? समजा मला संशय आहे. पण मी मुद्दाम चौकशीच केली नाही. म्हणजे पूर्ण ज्ञान नाही. मग सुटले का?"

"तसं... ते परिस्थितीवर असतं."

"नाही, कारण धर्मशिक्षणाच्या पुस्तकात त्याच्या पुढच्याच परिच्छेदात आहे. मी काल बसमध्ये वाचला. मुद्दाम ओढून घेतलेलं अज्ञान दोष कमी करत नाही, उलट वाढवतं. तुम्ही तो भाग घेतला नाहीत."

"वर्गातली मुलं लहान असतात," ललिताबाई म्हणाल्या. "त्यांना एवढं कशाला."

"आमच्या ऑफिसात हेच चालतं," स्पृहा फोन पर्समध्ये टाकत म्हणाली. "त्याला आम्ही म्हणतो, 'त्या ईमेलमध्ये माझं नाव घालू नका.' नंतर काही झालं की, अरे, मला तर माहीतच नव्हतं." ती उठली. "असो. सोमवारी ऑपरेशनला आईचा पहिलाच नंबर आहे. ती सगळ्यांना सांगतेय, माझी विहीणबाई तिथे आहे म्हणून. नातं चुकीचं आहे, पण आता कोण तिला सुधारणार."

ती गेल्यावर ललिताबाईंनी पंखा बंद केला. तीस वर्षं त्या वर्ग घेत होत्या. तो परिच्छेद त्यांना माहीत होता. तो पान उलटताना नेहमी अंगठ्याखाली येत असे.

रविवारी मिस्सेत सगळ्यांबरोबर त्यांनी छातीवर हात मारला आणि विचाराने, शब्दाने, कृतीने आणि करायचं ते न केल्याने झालेली पापं कबूल केली. ते शेवटचे शब्द आले तेव्हा हात खाली राहिला. उपवासकाळाचा शेवट जवळ आल्यामुळे मिस्सेनंतर पापनिवेदनासाठी रांग होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. समोर सात माणसं होती, मग चार, मग एक.

जाळीपलीकडे फादर बेनेडिक्ट होते. साठीचे, दम्याचे, कमी बोलणारे.

"कामात हलगर्जी झाली, फादर."

"कोणाला इजा झाली?"

"माहीत नाही."

"माहीत करून घेता येईल?"

जाळीतून फादरांचा श्वास ऐकू येत होता.

"उद्या सकाळी सातला," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मला भीती वाटते. बत्तीस वर्षांचं नाव आहे. फादर, भीतीने दोष कमी होतो ना?"

"होतो. भीतीपोटी हातून काही घडून गेलं, तर होतो. उद्या भीती वाटणार आहे म्हणून आज सूट मागायला आलात, तर होत नाही."

"मग मी काय करू?"

"ते तुम्हाला माहीत आहे. ते करायचं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. देवसुद्धा ती मोकळीक तुमच्याकडून परत घेत नाही. घेतली असती तर बरं झालं असतं, असं पुष्कळांना वाटतं." फादर खोकले. "आज पापमुक्ती मागता, की उद्या पाहून आल्यावर?"

"उद्या," ललिताबाई म्हणाल्या आणि उठल्या. पापमुक्तीशिवाय त्या जाळीपासून उठण्याची ही पहिलीच वेळ.

खोलीची एक किल्ली त्यांच्या कनवटीला होती. रविवारीही जाऊन पाहता आलं असतं. एक दिवस उलटून गेला की पिवळा रंग बहुधा दिसू लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घरी जाऊन पोळ्या लाटल्या, पडदे धुतले, बाबुरावांच्या फोटोची काच दोनदा पुसली. वेळ सोमवारी सातची आहे, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. आठला पहिलं ऑपरेशन. एक तास हातात असतो.

सात एप्रिलला सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी त्या खोलीत शिरल्या आणि थबकल्या. मधला कट्टा रिकामा होता. शनिवारी बांधून ठेवलेले गुडघ्याच्या हत्यारांचे दोन्ही ड्रम, झाकणाचे ते गोल डबे, तिथे नव्हते. कट्ट्यावर प्रेमला सिस्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. डॉक्टरांना दहाला दुसरीकडे जायचं आहे, पहिली केस साडेसहाला घेतली, सामान नेलं.

यंत्र बंद होतं, तरी त्यांना तो सीऽऽ आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. पेटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. अजूनही मागे फिरता आलं असतं. सामान त्यांनी नेलेलं नव्हतं. चिठ्ठीवर सही त्यांची नव्हती. वर काय चाललं आहे, त्याला संमती त्यांनी दिलेली नव्हती. हे सगळं एका क्षणात, न बोलावता, रांगेने त्यांच्या मनात येऊन उभं राहिलं. इतकं ओळखीचं, इतकं तयार, की त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी दोन्ही हातांनी पेटी फिरवली.

कुपी पिवळी होती. दिव्याचा प्रश्नच नव्हता. हळद कालवलेल्या पाण्यासारखी पिवळी.

पुढच्या जिन्याने त्या वर गेल्या. थिएटरच्या दारात जमिनीवर लाल रेघ असते, तिच्या पुढे बाहेरच्या कपड्यांत जायचं नाही. त्या रेघेवर थांबल्या. आत दिवा लागलेला होता. हिरव्या चादरीपलीकडे वासंतीबाईंचं डोकं दिसत होतं, टोपी घातलेलं. कमरेत इंजेक्शन दिलेलं होतं, त्या जाग्या होत्या. अलीकडे गुडघा उघडा, औषध लावून तपकिरी झालेला. हत्यारांचा ट्रे उलगडलेला. डॉक्टरांनी हात पुढे केला होता.

"डॉक्टर, थांबा," ललिताबाई म्हणाल्या. "हे सामान निर्जंतुक नाही."

प्रेमला सिस्टर मास्कवरून पाहत म्हणाल्या, "ललिताबाई, खाली जा. मी बघते."

"तुम्ही नका बघू, सिस्टर. मी बघितलंय." त्यांनी कुपी वर धरली.

चादरीपलीकडून आवाज आला, "ललिताबाई का? आलात होय. मला वाटलंच होतं तुम्ही याल."

यंत्रावर वासंतीबाईंच्या हृदयाचे ठोके टुकटुकत राहिले. डॉक्टरांनी कुपीकडे पाहिलं, मग ट्रेकडे. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर ललिताबाईंकडे तयार होतं. नऊ वर्षांच्या असल्यापासून होतं. तेच शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले, पण या वेळी त्यांचा अर्थ ऐकायला त्या स्वतः तिथे उभ्या होत्या.

"मी पाहिलं नाही. तीन आठवडे मी पाहिलं नाही. मुद्दाम."

डॉक्टरांनी हातमोजे काढून बादलीत टाकले.

"काय झालं?" वासंतीबाई विचारत होत्या. "अहो, कोणी सांगेल का? मला पाय हलवता येत नाहीयेत."

"गुडघ्याला हात लावलेला नाही," ललिताबाई रेघेवरूनच म्हणाल्या. "आज लावणार नाहीत. का ते मी तुम्हाला सांगेन. स्पृहालाही सांगेन."

मग त्या खाली आल्या. रजिस्टर उघडलं. आजच्या तारखेपुढे 'पिवळा' लिहिलं. दहा मार्चच्या ओळीत, शब्द आणि सही यांच्या मधल्या जागेत, 'पहिली कुपी पिवळी' असं बारीक लिहिलं. सतरा, चोवीस आणि एकतीस मार्चच्या 'जांभळा' या शब्दांवर पट्टी धरून एकेक रेघ मारली आणि प्रत्येकापुढे 'पाहिले नाही' असं लिहून आजची तारीख घालून सही केली. सतरापुढे सही करताना पेन थोडं थांबलं. तिथे त्या 'नीट' हा शब्द घालणार होत्या. घातला नाही.

वर कोणीतरी धावत गेलं. दूरध्वनी वाजत होता. प्रेमला सिस्टर येतील, त्यांच्यामागून आणखी कोणी येतील. तीन आठवड्यांत किती जणांना वर नेलं, याची यादी थिएटरात होती. ती मागावी लागणार होती. तीत कोण बरं झालं आणि कोण नाही, ते आता पाहावं लागणार होतं, एकेक नाव.

रजिस्टर काखेत धरून त्या पुढच्या जिन्याने ड्रेसिंगच्या खोलीकडे गेल्या. दत्तोबा बाकावर होतेच.

"आज म्होरल्या जिन्यानं?" ते म्हणाले आणि सरकून जागा केली.

त्यांच्या पलीकडे आज आणखी दोघं बसली होती. एक पोटाशी हात धरलेली तरुण बाई आणि खांद्याला पट्टी बांधलेला एक माणूस. दोघांना ललिताबाईंनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. बाईच्या हातात तिचा केसपेपर होता. वरची तारीख उभ्या जागेवरून वाचता येत होती, सव्वीस मार्च. माणसाचा कागद घडी केलेला होता.

ललिताबाई बसल्या. रजिस्टर मांडीवर घेतलं.

"दत्तोबा, तुमचं ऑपरेशन अठरा तारखेला झालं ना?"

"व्हय. मंगळवार व्हता. का वो?"

तरुण बाईने मान वळवली. खांद्याला पट्टी बांधलेला माणूसही आता ऐकत होता. ललिताबाईंनी त्या माणसाकडे पाहिलं.

"तुमचीही तारीख सांगा," त्या म्हणाल्या. "मग तिघांनाही एकदमच सांगते."

माणूस आपल्या कागदाची घडी उलगडू लागला.